जुनं टर्नटेबल दुरुस्त करून त्याला नवी प्लिंथ बनवायची असेल तर: आधी मशीन, मग लाकूड

ठाण्यात सध्या जिकडेतिकडे जुन्या बिल्डिंगी रिकाम्या होतायत, नौपाडा म्हणू नका, चरई म्हणू नका, पाचपाखाडी म्हणू नका, आणि घर रिकामं करताना माळ्यावरून हमखास दोन गोष्टी निघतात, एक तांब्याचा बंब आणि दुसरी रेकॉर्डची पेटी. बंबाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. रेकॉर्डच्या पेटीशेजारी जुन्या चादरीत गुंडाळलेलं टर्नटेबल असतं ते मात्र "चालत नाही हो ते" म्हणून भंगारात जातं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातली बरीचशी फक्त सुकलेल्या ग्रीसमुळे बंद पडलेली असतात.

माझं लेन्को एल७५ असंच आत्याच्या घरातून आलं. आत्याचे मिस्टर बोटीवर होते, त्यांनी बाहेरून आणलेलं. त्याच्यावर शिकलो, मग मित्रांची, ओळखीतल्यांची अजून काही मशीन केली, आणि त्यातून जे हाताला कळलं ते इथे सविस्तर लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. जवळपास प्रत्येकजण सुरुवात प्लिंथपासून, म्हणजे मशीन ज्यात बसतं त्या लाकडी बैठकीपासून करतो, कारण ती दिसते, सागवान दिसतं, पॉलिश दिसतं, फोटो छान येतो. मीही तेच केलं होतं आणि मग मोटर बसवताना कळलं की मोटरला खाली जागाच पुरत नाही, आठ दिवसांचं काम वाया गेलं. म्हणून क्रम लक्षात ठेवा, आधी मशीन पूर्ण नीट चालतं करायचं, तात्पुरत्या फळीवर ठेवून महिनाभर वाजवायचं, आणि मग लाकडाला हात लावायचा.

तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा

ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला आयडलर ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा दांडा एका रबरी चाकाला फिरवतो आणि ते चाक प्लॅटरला, ज्याला आपले जुने मेकॅनिक थाळी म्हणतात. इंग्लंडमधल्या स्विंडनला बनलेलं गॅरार्ड ३०१ (१९५४ साली आलं), स्वित्झर्लंडचं थोरेन्स टीडी १२४ (१९५७), आणि स्वित्झर्लंडच्याच बुर्गडॉर्फ गावचं लेन्को एल७५, हे सगळे त्यातले. इंग्लंडात हेच लेन्को गोल्डरिंग-लेन्को जीएल७५ नावाने विकलं जायचं, त्यामुळे असं नाव दिसलं तर गोंधळू नका. दुसरा बेल्ट ड्राइव्ह, एआर एक्सए (१९६१), थोरेन्स टीडी १५०, टीडी १६० वगैरे, यांच्यात प्लॅटर आणि आर्म (सुई धरणारी दांडी) आतल्या आत स्प्रिंगांवर तरंगत असतात. तिसरा डायरेक्ट ड्राइव्ह, टेक्निक्स एसपी-१० आणि १९७२ चं एसएल-१२००, ज्यात मोटरच्याच दांड्यावर प्लॅटर.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे जड प्लिंथची खरी गरज पहिल्या प्रकाराला आहे. आयडलरमध्ये मोटरची थरथर चाकातून प्लॅटरकडे आणि पत्र्यातून आर्मकडे पोचते, मग स्पीकरमधून बारीक घरघर येते, आणि जड, घट्ट, दाट लाकडाला मशीन जखडलं की ती थरथर लाकडात जिरते. घराला जसं जोतं लागतं तसंच आहे हे, प्लिंथ शब्दही तोच. स्प्रिंगवाल्या बेल्ट ड्राइव्हला तुम्ही दहा किलोचं लाकूड दिलंत तरी फार फरक पडत नाही, तिथे पैसे स्प्रिंग आणि बेल्टवर घाला.

आणि रेडिओग्राममधला ऑटोमॅटिक चेंजर, म्हणजे रेकॉर्ड आपोआप बदलणारा असेल, जड आर्म आणि सिरॅमिक कार्ट्रिजवाला (कार्ट्रिज म्हणजे सुई जिच्यात बसते ती छोटी डबी), तर माझं स्पष्ट मत असं की त्याला वेगळी प्लिंथ बनवू नका. तो त्याच्या कपाटातच शोभतो आणि चांगल्या एलपीवर त्याचा जड आर्म ठेवायला माझा जीव होत नाही.

विकत घेणार असाल, चोरबाजारात मटन स्ट्रीटला शुक्रवारी गेलात किंवा कुणी ओळखीने देत असेल, तर घ्यायच्या आधी प्लॅटर हाताने फिरवून बघा, किरकिर किंवा अडखळ आहे का, कडेला डोळा लावून वरखाली लाटेसारखं हलतं का, आणि प्लॅटर दोन्ही हातांनी धरून आडवं हलवून बघा. आडवी खळखळ असेल तर बेअरिंग झिजलंय. रबर, वायर, स्विच, सुई हे सगळं बदलता येतं पण वाकलेला स्पिंडल (प्लॅटरच्या मधोमधचा दांडा) आणि झिजलेलं बेअरिंग हे महाग पडतं.

अजून एक महत्त्वाचं, वीज. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानमधून आलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं, ते थेट लावलं तर मोटर जळते, त्याला स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. अमेरिकेतून आलेलं ६० हर्ट्झचं असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनसुद्धा ते हळू फिरणार, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या जागी २८ च्या आतच, कारण या साध्या मोटरींचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. त्यावर उपाय म्हणजे मोटरची पुली बदलणे, ५० हर्ट्झची पुली ६० हर्ट्झच्या पुलीपेक्षा १.२ पट मोठी असते. लेन्कोला ही अडचण नाही कारण त्याचा मोटरचा दांडा निमुळता आहे, रबरी चाक त्या दांड्यावर पुढेमागे सरकवलं की वेग हवा तसा मिळतो, आणि म्हणूनच नवशिक्याने लेन्कोपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. इथून पुढे मी लेन्को डोळ्यासमोर ठेवूनच लिहितोय पण बाकीच्या आयडलरांनाही बहुतेक लागू आहे.

आणि मशीन कुठूनही आणताना प्लॅटर काढून वेगळा गुंडाळून आणा!! लेन्कोचा प्लॅटर चार किलोच्या आसपास आहे. एका मित्राचं मशीन कुरिअरने प्लॅटर लावलेल्या अवस्थेत आलं, रस्त्यात आपटलं, स्पिंडल वाकला, आणि ते मशीन शेवटी फक्त सुट्या भागांसाठी उरलं.

उघडायच्या आधी

प्लग काढलेला आहे ना ते दोनदा बघा. मोबाईलने फोटो काढा, प्रत्येक स्प्रिंग, प्रत्येक वायर, प्रत्येक वॉशर कुठल्या बाजूने आहे ते. स्क्रूंसाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, एका खड्ड्यात एका भागाचे स्क्रू, आणि पेनाने वर लिहा. जुन्या युरोपियन मशीनचे स्क्रू आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतीलच असं नाही. आणि काहीही काढलं तरी फेकू नका, जुनी वायर, जुनं रबर, मूळ पेटी, सगळं एका डब्यात लेबल लावून ठेवा, पुढे कुणाला मशीन मूळ रूपात हवं असेल तर तो डबा सोन्यासारखा आहे.

सामान फार नाही. चांगले स्क्रू ड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल (लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं), इअरबड, जुने टूथब्रश, सुती कापड, शिलाई मशीनचं तेल, थोडं लिथियम ग्रीस, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न.

बेअरिंग

हे मशीनचं हृदय. प्लॅटर उचलून काढला की खाली स्पिंडल दिसतो, तो एका पितळी-काशाच्या बुशमध्ये फिरतो आणि तळाला एका कडक टेकूवर टेकतो. तळाचं झाकण उघडून स्पिंडल बाहेर घ्या. जुनं तेल बहुतेक वेळा काळं, डिंकासारखं झालेलं असतं. स्पिंडल अल्कोहोलने पुसा, नखाने चाचपून बघा, ओरखडा लागतो का. तळाचा टेकू बघा, मधोमध छोटा खड्डा पडला असेल तर चकती उलटी करून वापरता येते किंवा लेथवाल्याकडून नवी बनवून घ्या.

बुश मात्र धुताना सांभाळा. जुन्या मशीनमधले हे बुश बारीक छिद्रांचे असतात, त्यात तेल मुरलेलं असतं. तुम्ही ते सॉल्व्हंटमध्ये बुडवून कोरडे केले आणि वरून एक थेंब सोडला तर ते थोड्याच दिवसांत परत कोरडे पडतात. धुतले तर नंतर कोमट तेलात रात्रभर बुडवून ठेवायचे, बारीक बुडबुडे येतात, म्हणजे हवा बाहेर आणि तेल आत. गंज सुटा करायचा फवारा मिळतो ना स्प्रेमध्ये, तो बेअरिंगमध्ये अजिबात मारू नका, तो उरलंसुरलं तेल धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो.

मोटरच्या बुशला शिलाई मशीनचं पातळ तेल ठीक. प्लॅटरच्या बेअरिंगला त्याच्यापेक्षा जरा जाडसर, डिटर्जंट नसलेलं तेल. थेंब मोजून घाला, ओतू नका, जास्त झालेलं तेल उडून रबरी चाकावर जातं आणि मग ते घसरतं.

सर्व्हिस करायच्या आधी आणि नंतर एक साधी टेस्ट करा. रबरी चाक मोकळं ठेवून प्लॅटरला हाताने साधारण ३३ च्या वेगाने फिरवून सोडा आणि तो थांबेपर्यंत घड्याळ लावा. दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नंतरचा आकडा बराच वाढलेला दिसला की समजायचं बेअरिंग सुटलं, आणि तो आकडा बघून जो आनंद होतो तो पॉलिशच्या फोटोने होत नाही.

रबरी चाक

ठकठक असा ठराविक तालात आवाज येत असेल तर चाकावर खळगा पडलाय. वर्षानुवर्षं चाक दांड्याला दाबलेल्या अवस्थेत राहिलं की रबर तिथेच बसतं. म्हणून मशीन बंद करताना लिव्हर नेहमी ऑफला न्यायची सवय लावा.

रबर नुसतं चकचकीत आणि कडक झालं असेल तर चाक ड्रिलमध्ये हळू फिरवून ४०० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने लावा, चकाकी जाऊन मॅट झालं की थांबा. खळगा असेल तर पेपरने जाणार नाही. नवीन चाक बाहेरून मागवता येतं, नाहीतर छापखान्यांच्या रोलरला रबर चढवून देणारे कारागीर असतात त्यांना विचारा, वागळे इस्टेटमध्ये किंवा पलीकडे रबाळे-महापेच्या एमआयडीसीत चौकशी केलीत तर कुणी ना कुणी सापडतो. त्यांना रबर थोडं जास्त चढवायला सांगा आणि मग लेथवर ग्राइंड करून मापात आणायला सांगा, नुसतं चढवलेलं रबर कधीच पूर्ण गोल नसतं. छोटं काम म्हणून आधी नाही म्हणतात, पण मशीन प्रत्यक्ष नेऊन दाखवलं, काय आहे ते समजावलं, की बहुतेक दादा लोक मनापासून करून देतात.

चाक, मोटरचा दांडा आणि प्लॅटरची खालची बाजू जिथे चाक घासतं, तिन्ही अल्कोहोलने पुसा. रबराला ओला बोळा नको, नुसता दमट.

मोटर आणि वायरिंग

लेन्कोची मोटर स्प्रिंगांवर लटकलेली असते. स्प्रिंग एकसारखे दिसतात पण जागेवर परत त्याच जागी गेले पाहिजेत (फोटो!). मोटरचा दांडा वरच्या पत्र्याला समांतर नसेल तर चाक तिरकं घासतं आणि आवाज करतं.

स्विचवर एक छोटा कपॅसिटर असतो, बंद करताना ठिणगी आणि टक् आवाज होऊ नये म्हणून. पन्नास वर्षांचा तो कपॅसिटर डोळे झाकून बदला, आणि बदलताना एक्स२ छाप असलेलाच घ्या, एसी मेन्ससाठी बनवलेला, मूळ जेवढ्या व्हॅल्यूचा होता तेवढाच. साधा डीसीचा लावू नका. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन कोअरची लावा, अर्थ मशीनच्या पत्र्याला जोडा. विजेच्या कामाची सवय नसेल तर हे एवढं काम ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, यात कमीपणा काही नाही.

अर्थ जोडल्यावर स्पीकरमधून हम् आवाज आला तर मेन्सचा अर्थ काढायचा नाही, आर्मकडून ॲम्पला जाणारी वेगळी अर्थची वायर काढून बघायची, बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

आर्म

लेन्कोच्या मूळ आर्मचा एक ठरलेला आजार आहे. आर्म ज्यावर तोलला जातो ते व्ही आकाराचे छोटे रबरी ठोकळे वयाने भुगा होतात, आणि मग आर्म डुगडुगतो. नवे ठोकळे डेलरिनचे (एक कडक प्लास्टिक) किंवा पितळेचे मिळतात, लेथवाल्याकडून बनवून घेता येतात, थ्रीडी प्रिंट पण चालतात. हे बदलल्यावर मूळ आर्म वाईट नाही, मागचं वजन लोंबलं असेल तर तिथलं रबर बदला, अँटीस्केटिंगचा, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेला दोरा नवा घाला. बरेच लोक मूळ आर्म काढून रेगा किंवा एसएमई कंपनीचा बसवतात. मी वर्षभर मूळ आर्मवर वाजवलं आणि मगच बदलला, तुम्हीही तसंच करा, घाई काही नाही.

हेडशेलच्या, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसते त्या भागाच्या वायरचे रंग पाठच करा, लाल म्हणजे उजवा, हिरवा त्याचा परतीचा, पांढरा डावा, निळा त्याचा परतीचा. कार्ट्रिजच्या पिनांना सोल्डर थेट करू नका, उष्णतेने आतली बारीक कॉइल जाते, छोट्या क्लिपा वापरा.

एक जाता जाता. घरात ७८ च्या तबकड्या असतील, नाट्यसंगीताच्या वगैरे, तर एलपीची सुई त्यांना लावू नका. एलपीची सुई ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ची साधारण ३ मिल, म्हणजे चौपट जाड. बारीक सुई ७८ च्या खोल खाचेत तळाशी लोळते, खरखर येते आणि सुई खराब होते. आपल्याकडे १९६० च्या दशकातही ७८ निघत होत्या त्यामुळे घराघरात त्या सापडतात, आणि लेन्कोवर ७८ चा वेग आहे, तेव्हा दुसऱ्या हेडशेलवर जाड सुईची कार्ट्रिज लावून ठेवा.

आता प्लिंथ

महिनाभर मशीन नीट चाललं? मग लाकूड.

मटेरियल: मी चांगल्या बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) मरीन प्लायच्या बाजूने आहे, आयएस ७१० छाप असलेला, १८ मिमीचा. अख्खं सागवान का नाही? कारण आपली हवा. जूनमध्ये लाकूड फुगतं, जानेवारीत आकसतं, आणि एवढा मोठा सलग तुकडा वाकला की मशीनचा पत्राही त्याच्याबरोबर पिळला जातो. प्लायचे थर आडवेउभे असल्याने तो जागचा हलत नाही. एमडीएफ जड असतो पण ओल धरतो आणि कडांना फुगतो, पावसाळ्यात भिंतीला ओल येणाऱ्या घरात तर नकोच. सागवान बाहेरच्या चौकटीला वापरा, त्यासाठी पाडलेल्या इमारतींच्या दारांच्या चौकटी विकणाऱ्यांकडे जा. चाळीस-पन्नास वर्षं सुकलेलं ते लाकूड आता नव्याने मिळत नाही. फक्त रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर सुतारकाकांच्या रंध्याचं पातं जाईल आणि त्यांचा राग रास्त असेल.

माप: ५०० बाय ४०० मिमीचे पाच थर म्हणजे ९० मिमी उंची. आठ बाय चारच्या अर्ध्या शीटमध्ये असे सहा तुकडे बसतात, पाच वापरा, सहावा चुकीसाठी. पोकळी कापून झाल्यावर साधारण आठ-नऊ किलोची प्लिंथ होते. पाच थर हा काही नियम नाही, तुमच्या मशीनचा सगळ्यात खाली लोंबणारा भाग मोजा, बहुतेक मोटरच, त्यात १० मिमी मिळवा, त्यावरून थर ठरवा.

टेम्प्लेट हे सगळ्यात महत्त्वाचं काम, इथे एक अख्खा रविवार द्या. मशीन खालून ट्रेस करायचं म्हणून ट्रेसिंग पेपर घ्या, स्पिंडलचं केंद्र टाचणीने टोचा आणि बाकी सगळी मापं त्याच बिंदूपासून घ्या. लिव्हर एका जागी ठेवून ट्रेस करू नका, स्पीडची लिव्हर १६ पासून ७८ पर्यंत पूर्ण फिरवा, ऑन-ऑफ फिरवा, आणि प्रत्येक भाग जिथपर्यंत जातो तिथपर्यंतची जागा रंगवा. आणि कागदावर लगेच मोठ्या अक्षरात "वरची बाजू" लिहा. खालून काढलेलं चित्र आरशातल्यासारखं उलटं असतं, ते तसंच लाकडावर टेकवून कापलं की मोटरचं भोक डावीकडचं उजवीकडे. ही चूक होतेच होते, म्हणून आधी पुठ्ठा कापा, मशीन त्यात बसवून बघा, मग ६ मिमी एमडीएफचं टेम्प्लेट. वागळेमध्ये लेसर कटिंगवाल्याला ड्रॉइंग करून दिलंत तर टेम्प्लेट अगदी अचूक मिळतं, पण जिगसॉ आणि कानस घेऊन हातानेही होतं, मी पहिलं तसंच केलं.

सुतारकाकांशी बोलताना मापं मिलिमीटरमध्येच द्या आणि कागदावर लिहून द्या. आपले सुतार सूतात मोजतात, आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत तीन मिमीच्या जरा वर, आणि तोंडी सांगितलेलं मिमीचं माप त्यांच्या डोक्यात सूतात बदलताना एकदा माझी पोकळी दोन सूत मोठी झाली. चूक दोघांची होती, मी कागद दिलाच नव्हता.

थरांची रचना अशी ठेवा की सगळ्यात वरच्या थराची पोकळी मशीनच्या पत्र्याच्या कडेपेक्षा आत, म्हणजे पत्रा सगळीकडून लाकडावर टेकेल. दुसऱ्या-तिसऱ्या थरात लिव्हर आणि जोडण्यांसाठी जरा मोठी पोकळी. चौथ्यात फक्त मोटर आणि बेअरिंगपुरती. पाचवा जवळजवळ बंद, मोटरखाली हवेसाठी भोकं, मोटर तापते. बेअरिंगच्या आजूबाजूला जितकं लाकूड ठेवता येईल तितकं ठेवा, काम सोपं होतं म्हणून एकच मोठा चौकोन कापून टाकू नका, मग ती परत पोकळ पेटीच होते, आणि पोकळ पेटी तबल्यासारखी वाजते.

कापायला आधी जिगसॉने रेषेच्या दोन-तीन मिमी आतून कापा, मग टेम्प्लेट पक्कं बसवून राउटरला फ्लश ट्रिम बिट लावून कडेने फिरवा. राउटर नसेल तर फर्निचरवाल्या सुताराकडे असतोच. एकदम खोल घेऊ नका, दोन-तीन फेऱ्यांत करा. मास्क लावा, प्लायची धूळ वाईट.

चिकटवताना सगळे थर एकदम चिकटवायचा मोह होतो. नको. ओल्या फेव्हिकॉलवर थर साबणासारखे सरकतात. दोन कोपऱ्यांत ८ मिमीची भोकं आरपार पाडून लाकडी डॉवेल घाला म्हणजे थर एकमेकांवर जागच्या जागी बसतात, आणि एका वेळी एकच थर. फेव्हिकॉल पातळ, पूर्ण पृष्ठभागावर, कार्डाच्या तुकड्याने पसरवा, मग शिकंजे लावा, शिकंजे कमी असतील तर वर पाण्याचे २० लिटरचे जार ठेवा. एरवी एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन दिवस हात लावू नका.

आर्मसाठी वेगळा तुकडा बनवा, आर्मबोर्ड, प्लिंथमध्ये स्क्रूने बसणारा. उद्या आर्म बदलला तर एवढाच तुकडा बदलायचा, प्लिंथला दुसरं भोक नाही. स्पिंडलच्या केंद्रापासून आर्मच्या केंद्राचं अंतर प्रत्येक आर्मचं ठरलेलं असतं, रेगाच्या आरबी३०० ला २२२ मिमी. फूटपट्टीने मोजून खूण करण्यापेक्षा ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, तिच्यात एक भोक स्पिंडलच्या मापाचं आणि २२२ मिमीवर दुसरं बारीक, पट्टी स्पिंडलवर घाला आणि दुसऱ्या भोकातून टोचा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहायचं आहे. भोक पाडायच्या आधी आर्म मागच्या टोकाने कशाला आपटत नाही ना, डस्ट कव्हर बंद होतं ना, हेही बघा.

बाहेरचं रूप

काहींना प्लायच्या कडांचे पट्टे आवडतात, तसेच ठेवा. मला सागवानाची चौकट आवडते, १५-२० मिमी जाडीची, कोपरे ४५ अंशात. विनियर लावणार असाल तर वर आणि खाली दोन्हीकडे लावा, एकाच बाजूला लावलं की पातळ फळी ओढली जाते.

पॉलिशपेपर १२०, १८०, २४०, ३२०, याच क्रमाने, मधला नंबर गाळला तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. मी चपडी स्पिरिटमध्ये भिजवून लाखेचं पॉलिश करतो, जुन्या मशीनला तीच चमक शोभते आणि पुढे ओरखडा आला तर परत हात मारता येतो. पीयू (पॉलीयुरेथेन) टिकाऊ आहे पण त्याला दुरुस्ती नाही. जून ते सप्टेंबर लाखेचं पॉलिश करू नका, हवेतल्या दमटपणाने पांढरट ढग उठतात. दिवाळीनंतर करा.

बसवणं आणि मोजमाप

खाली पाय म्हणून काहीही महाग नको. मी मार्बलवाल्याकडून २० मिमीचा काळा कडप्पा ५०० बाय ४०० कापून घेतला, तोच दहा-अकरा किलोचा होतो, त्याखाली स्क्वॉशचे बॉल अर्धे कापून चार कोपऱ्यांत, आणि कडप्प्यावर प्लिंथ. आमचं घर रेल्वे लाइनपासून लांब नाही, फास्ट गाडी गेली की पूर्वी स्पीकरचा वूफर हलताना दिसायचा, आता हलत नाही.

स्पिरिट लेव्हल प्लॅटरवर ठेवून दोन्ही दिशांना लेव्हल करा, कडप्प्यावर नाही, प्लॅटरवर.

मशीन पंधरा मिनिटं चालवून गरम होऊ द्या, मग वेग बघा. ५० हर्ट्झची स्ट्रोब चकती (वेग तपासायची रेघांची कागदी चकती) प्रिंट करा, ३३⅓ साठी १८० रेघा, ४५ साठी १३३, ७८ साठी ७७. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. यासाठी दिवा विजेबरोबर लुकलुकणारा लागतो, म्हणजे निऑनचा छोटा दिवा किंवा जुनी चोकवाली ट्यूबलाइट. चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा नुसत्या पुसट होतात आणि माणूस मशीनला दोष देत बसतो.

कार्ट्रिज जुळवायला प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन बघायचा जाळीचा कागद) प्रिंट करताना स्केल १०० टक्के आहे ना ते बघा, आणि प्रिंट झाल्यावर पट्टी लावून खात्री करा. नेहमीच्या प्रोट्रॅक्टरवर दोन बिंदू असतात, केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर, दोन्हीकडे कार्ट्रिज जाळीच्या रेघांना समांतर दिसली पाहिजे. सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन छोट्या डिजिटल काट्यावर मोजा आणि कार्ट्रिजच्या कागदावर जी रेंज दिली असेल तिच्या वरच्या बाजूला ठेवा. फार हलकं ठेवलं की सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते, आणि रेकॉर्ड त्यानेच जास्त खराब होते.

पहिल्या महिन्यानंतर एकदा परत उघडा. मशीनला लाकडाशी जोडणारे बोल्ट थोडे सैल झालेले असतात कारण लाकूड दबतं, ते पाव फेरी आवळा. बेअरिंगच्या झाकणाखाली बोट फिरवा, तेल गळतंय का बघा. रबरी चाकावर काळी पूड दिसली तर ते तिरकं घासतंय, मोटरचे स्प्रिंग परत तपासा. आणि कॅलेंडरवर लिहिलेली ती प्लॅटरची वेळ परत एकदा घेऊन शेजारी लिहा.